आधी परतीची तारीख विचारा: विटभट्टीवर आणि तांड्यात टीबीची तपासणी

मी यवतमाळ जिल्ह्यातली आशा. दिग्रस-आर्णीच्या पट्ट्यात, अरुणावतीच्या काठाने आमच्या हद्दीत तीन विटभट्ट्या लागतात आणि वरच्या बरड जमिनीवर बंजारा समाजाचा तांडा आहे. दसरा झाला की तांडा अर्धा रिकामा होतो, नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात. दिवाळी उलटली की भट्ट्यांवर छत्तीसगडची कुटुंबं उतरतात. म्हणजे माझ्या रजिस्टरातली माणसं निघून जातात आणि रजिस्टरात नसलेली येऊन बसतात. ट्रेनिंगमध्ये टीबीबद्दल जे शिकवलं ते खोटं नव्हतं, पण ते सगळं एका जागी राहणाऱ्या माणसाचं होतं. हिंडत्या माणसाचं मी चुका करून शिकले. नव्या आशाताई, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), तांड्यातली शिकलेली पोरं, अगदी भट्टीमालकसुद्धा, ज्यांच्या कामी येईल त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पहिली चूक आधी सांगून टाकते. काही वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी होता. नदीकडच्या भट्टीवर पस्तिशीचा एक पथेरा, म्हणजे विटा थापणारा, महिनाभर खोकत होता. मी सगळं नियमाने केलं. लक्षणं विचारली, वजन घेतलं, बेडका नेऊन दिला. रिपोर्ट यायला पाच दिवस लागले. पॉझिटिव्ह. मी भट्टीवर पोचले तर झोपडीत विझलेली चूल आणि एक फुटकी बादली. मुकादमाशी उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबावरून भांडण झालं आणि सगळं बिऱ्हाड रात्रीतून निघून गेलं. फॉर्मवरचा मोबाइल नंबर लावला तर तो मुकादमाचाच निघाला. पत्त्याच्या रकान्यात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: छत्तीसगड. एवढंच. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न खोकल्याचा नसतो. "इथून निघणार कधी?" हे आधी विचारते आणि फॉर्मच्या समासात लाल पेनाने लिहिते, कारण फॉर्मात त्याचा रकानाच नाही. त्याच्याखाली तीन गोष्टी: मूळ गाव, तालुका आणि जिल्हा (राज्याचं नाव म्हणजे पत्ता नव्हे), स्वतःचा नंबर, आणि गावाकडे जो कायम घरी असतो अशा एका माणसाचा नंबर. म्हातारी आई, किराणा दुकानवाला भाऊ, कोणीही. मुकादमाचा नंबर चौथा, तो घ्यायचाच, पण त्याच्यावर विसंबायचं नाही. नंबर घेतला की तिथेच उभं राहून एक मिस कॉल द्या. निम्मे नंबर बंद लागतात, आणि ते तिथेच कळलेलं बरं.

जायचं कधी आणि कोणाला विचारून

सकाळी दहाला भट्टीवर गेलात तर फेरी फुकट जाईल. पथेरे रात्री दोन-तीनलाच उठून थापायला बसतात आणि उन्हं तापली की जेवून झोपतात. आपण जातो तेव्हा माणूस एक तर चिखलात असतो नाहीतर गाढ झोपेत. मी दुपारी चारनंतर जाते. त्याहून चांगला दिवस म्हणजे बाजाराच्या आदला. त्या दिवशी मुनीम खर्ची वाटतो, म्हणजे आठवड्याच्या मीठ-मिरचीचे पैसे, आणि त्यासाठी सगळे एका जागी बसलेले असतात. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. त्या एका तासात जितकं काम होतं तितकं दारोदार चार दिवसांत होत नाही.

मालकाला आधी सांगा. वही घेऊन कोणी भट्टीवर आलं की तो लेबर ऑफिसचा, असं त्याला वाटतं. आमचा एक मालक म्हणाला, "ताई, तुम्ही टीबी-टीबी कराल अन् माह्या साऱ्या जोड्या पळून जातीन." मी म्हटलं, "भाऊ, एका झोपडीत सहा जण झोपतात. एक खोकत राहिला तर होळीपर्यंत तुमच्या किती जोड्या उभ्या राहतीन ते तुम्हीच मोजा." त्याला माणुसकी सांगितली असती तर तासभर गेला असता. हिशेब सांगितला, दोन मिनिटांत खुर्ची मिळाली. मात्र मालक किंवा मुनीम शेजारी उभा असताना तपासणी करू नका. त्याच्यासमोर कोणी खोकला कबूल करत नाही, मजुरी तुटायची भीती असते.

विचारायचं कसं

पाठ केलेली लक्षणं चार: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. बेडक्यातून रक्त, छातीत दुखणं, मानेला गाठ, हीही बघायची. यादी बरोबर आहे, पण "तुम्हाला खोकला आहे का?" असं विचारलं तर भट्टीवर सगळे नाही म्हणतात. लपवायचंच असतं असं नाही. राख, धूळ, धूर यात खोकला हा त्यांना आजार वाटतच नाही. छत्तीसगडी बायकांशी बोलताना मी 'खोखी' म्हणते, त्यांच्याकडचा शब्द तोच. आणि विचारते शेजारणीला: "रात्री कोणाच्या खोखीने तुझी झोप मोडते?" तिचं बोट बरोबर झोपडीकडे जातं.

दोन आठवड्यांचं म्हणाल तर भट्टीवर मी दिवस मोजत नाही. खोकला आहे ना, मग बेडका तपासायचा. ज्याला 'दहाच दिवस झाले' म्हणून सोडलं तो पुढच्या फेरीला तिथे असेलच याचा भरवसा नाही.

वजन घटलं का, याला उत्तर मिळत नाही, कारण आधी वजन केलेलं कोणी नसतं. म्हणून पुरुषांना करदोडा दाखवायला सांगते. दिवाळीत बांधलेला करदोडा कमरेवरून घसरत असेल आणि गाठ एकदा आवळून पुन्हा आवळलेली असेल, तर ते आपलं वजनाचं रजिस्टर. बायकांच्या बांगड्या बघा, कोपराकडे सरकतात का. ब्लाउजला बाजूने नवी टीप मारली आहे का. मग काट्यावर उभं करा आणि आकडा लिहा. आजारी असो नसो, प्रत्येकाचा लिहा. पुढच्या फेरीत दोन किलो उतरलेला माणूस त्यातूनच सापडतो.

रात्रीच्या घामाचं मात्र भट्टीवर काही खरं नाही. जळत्या भट्टीच्या आसऱ्याला झोपणाऱ्याला घाम येणारच. मी विचारते, पण त्याला फार किंमत देत नाही.

आणि ज्याला काहीच त्रास नाही त्यालाही होऊ शकतो. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं, त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास ४३ टक्के फक्त छातीच्या एक्स-रेमुळे सापडले, लक्षणांवरून ते निसटले असते. म्हणून मोहिमेत हातात धरायचं एक्स-रे मशीन तालुक्याला येणार असं कळलं की मी एसटीएस सरांच्या, म्हणजे टीबीचं काम बघणाऱ्या सुपरवायझरच्या, मागे लागते: गावच्या चौकात नंतर लावा, आधी भट्टीवर चला. गावातला माणूस पुढच्या महिन्यातही सापडेल.

बेडका, थुंकी नव्हे

माझे सगळ्यात जास्त नमुने परत आलेत ते इथेच. डबीत पाण्यासारखी, फेसाळ थुंकी असेल तर मशीनला काही सापडत नाही आणि आपण खुशाल 'निगेटिव्ह' लिहून मोकळे होतो.

आपल्याकडचे पुरुष खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटलेली, खातात, छत्तीसगडच्या बायका सकाळी उठल्या उठल्या दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, लावतात. दोन्हीने तोंड लाल-काळं. एकदा लालसर बेडका बघून मी रक्त समजून घाबरले, तर तो खर्रा होता. उलटही झालंय. एका बाईच्या बेडक्यात खरंच रक्त होतं आणि ती सांगत राहिली, "गुडाखू है दीदी." म्हणून आधी साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरायला लावा, तुमच्यासमोर.

मग माणसाला झोपडीच्या बाहेर, उघड्यावर न्या. वारा तुमच्या पाठीकडून त्याच्याकडे जाईल असं उभं राहा, मास्क लावा. त्याला सांगा: पोट फुगेपर्यंत श्वास घे, क्षणभर धर, सोड. तीनदा. तिसऱ्यांदा पोटातून खोक आणि जे वर येईल ते न गिळता डबीत टाक. मी स्वतः करून दाखवते. पोरं हसतात, हसू द्या. अर्धा-एक चमचा पुरे, पण घट्ट, चिकट, पिवळसर हवा. नुसतीच लाळ आली असेल तर तिथल्या तिथे दुसऱ्यांदा मागा.

एक नमुना असा जागेवरचा आणि एक झोपून उठल्यावरचा पहिला. ट्रेनिंगमध्ये याला 'सकाळचा नमुना' म्हणतात. पथेऱ्याची सकाळ रात्री दोनला होते हे मला उशिरा उमगलं. मी 'सकाळी' म्हणायची आणि ते आठ वाजता, सहा तास चिखल तुडवून आणि दोनदा खर्रा खाऊन झाल्यावर डबी भरायचे. आता सांगते, "उठलास की विटांकडे जायच्या आधी, गुडाखूच्या आधी, पहिलं काम हे." डबी झोपेच्या जागेशी उशालाच ठेवायला देते. भरली की झाकण घट्ट, उभी, सावलीत.

नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. मी पहिल्या वर्षी झाकणावर लिहिलं. उघडताना तीन झाकणं अदलाबदल झाली आणि तिघांकडे पुन्हा जावं लागलं. त्यातल्या एकाने तर, "पिछला बिक गया क्या?" असं विचारलं.

डब्या त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवा. उन्हाळ्यात बर्फाच्या पॅकसोबत न्या, पण त्यासाठी वेगळा डबा ठेवा, लसींच्या कॅरिअरमध्ये बेडका घालू नका. आता बहुतेक ठिकाणी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर तपासणी होते. यंत्राला लागतात एक-दोन तास. आपले पाच दिवस जातात ते डबी पोचण्यात आणि निरोप येण्यात. म्हणून लॅबवाल्या दादांना समासातली लाल तारीख दाखवा. "हा माणूस शुक्रवारी चालला" असं म्हटलं की डबी रांगेत पुढे सरकते, हा माझा अनुभव. या यंत्रांवर रिफाम्पिसिन हे औषध लागू पडतं की नाही तेही कळतं. पडत नसेल तर तो वेगळा, जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू होणारा उपचार, आणि तो सुरू झाल्याशिवाय त्या माणसाला गाडीत बसू देऊ नका.

सांगणं

निदान आलं की बाजूला घेऊन सांगा. खर्चीच्या गर्दीत नाही, मुकादमासमोर तर नाहीच. बायकोला किंवा नवऱ्याला सोबत बसवा. मी तीन गोष्टी सांगते, जास्त सांगितलं तर काहीच राहत नाही. बरा होतो. सहा महिने रोज गोळ्या, दोन महिन्यांत बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. आणि पैसे लागत नाहीत. आधार कार्ड गावी राहिलं असेल तरी गोळ्या अडत नाहीत. आपल्या केंद्रात कोणी कागदासाठी परत पाठवलं तर तालुक्याच्या टीबी युनिटला फोन करा, किंवा १८००-११-६६६६ हा निक्षयचा, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा, मोफत नंबर लावा.

सोबतच एचआयव्ही आणि साखरेची तपासणी होते, त्याचंही आधीच बोलून ठेवा. नाहीतर माणूस रक्त का काढलं म्हणून बिथरतो.

लघवी लाल-केशरी होते, हे पहिल्याच दिवशी सांगा. माझ्या एका रुग्णाने तिसऱ्या दिवशी ती बघितली, रक्त समजून गोळ्यांची अख्खी पट्टी नदीत टाकली. रिफाम्पिसिनचा रंग तो, काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळं: डोळे पिवळे होणं, सारखी उलटी, नजर अंधुक होणं. त्यात गोळ्या घेत न राहता त्याच दिवशी डॉक्टर. हातापायाला मुंग्या येत असतील तर तेही सांगायला हवं, त्यावर गोळी मिळते. मोहाची दारू या सहा महिन्यांत बंद, कारण गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो. ऐकतात का? काही ऐकतात.

बाजारपेठेत सुई देणारे 'डॉक्टर' असतात. तिथली सुई किंवा तीव्र अँटिबायोटिक घेतलं की आठ-दहा दिवस खोकला दबतो, माणूस म्हणतो बरा झालो, आणि टीबी तसाच राहतो. भट्टीवर विचारताना "सुई घेतली का?" हेही विचारा.

झोपडीला खिडकी पाडणं

टीबी हवेतून पसरतो. ताटवाटी वेगळी करून काही होत नाही, उलट माणूस दुखावतो. खरा मुद्दा हवेचा आहे. भट्टीवरची झोपडी म्हणजे रचलेल्या कच्च्या विटा, वर टिन नाहीतर ताडपत्री, दार वाकून जाण्याएवढं आणि खिडकी नावाला नाही. हिवाळ्यात तर दारालाही पोतं.

या झोपडीची एक सोय आहे: विटा चुन्या-सिमेंटात बसवलेल्या नसतात. दाराच्या समोरच्या भिंतीतून, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, चार-सहा विटा एकाआड एक काढा. जाळी तयार होते, विटा त्याच्याच, खर्च शून्य. दार आणि जाळी समोरासमोर असली की हवा आरपार जाते. चुलीचा धूर तिकडून निघायला लागला की समजा काम झालं. मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा त्या बाईने मला उत्तरही दिलं नाही, उठली, हाताने पाच विटा ओढल्या आणि म्हणाली, "इत्ता ही?"

रुग्णाने दाराकडच्या बाजूला झोपावं, थंडी नसेल तेव्हा बाहेरच. गोळ्या नीट सुरू झाल्या की साधारण दोन-तीन आठवड्यांत त्याच्यापासून पसरायचा धोका पुष्कळ कमी होतो. तोवर खोकताना गमछा तोंडावर.

झोपडीतल्या बाकी सगळ्यांची तपासणी त्याच दिवशी. पाच वर्षांखालची लेकरं आधी. ज्यांना टीबी नाही त्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध असतं. एक प्रकार रोज, सहा महिने. दुसरा आठवड्यातून एकदा, असे १२ डोस. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण कुटुंब तीन महिन्यांत निघणार आहे हे डॉक्टरांना आपणच सांगायचं असतं. त्यांना समासातलं लाल पेन कुठे दिसतं?

निघताना

खरी परीक्षा इथे. उपचार सहा महिन्यांचा आणि भट्टीचा हंगाम पावसापर्यंत. जानेवारीत सापडलेला रुग्ण गोळ्या संपायच्या आत गावी जाणारच. त्याला थांबवू नका. थांबत नाही, आणि थांबवलंत तर पुढच्या वेळी न सांगता जातो. त्याऐवजी निघायच्या आधी आठ दिवस कळवायचं, एवढं एक वचन घ्या. मी बायकोकडून घेते, नवऱ्याकडून नाही.

त्या आठ दिवसांत काय करायचं? टीबी युनिटला सांगून त्याचं नाव निक्षयवर मूळ गावच्या युनिटकडे ट्रान्सफर करून घ्या. प्रत्येक रुग्णाला निक्षय आयडी असतो. तो आयडी असला की देशात कुठेही त्याचा उपचार पुढे चालू राहतो, नव्याने सुरू करावा लागत नाही. तो आकडा कार्डावर असतोच, पण कार्डं भिजतात. मी तो बायकोच्या मोबाइलमध्ये 'दवाई' नावाने सेव्ह करून देते, वर कार्डाचा फोटो. प्रवासाचे दिवस धरून महिनाभराच्या गोळ्या सोबत द्या, स्टीलच्या डब्यात, वर झाकण. प्लास्टिकच्या पिशवीत घालून टिनाखाली ठेवलेल्या पट्ट्या उन्हाने खराब होतात. डबा पोत्यात नाही, हातातल्या पिशवीत. वर्ध्याहून बिलासपूरकडच्या गाडीत एकाचं पोतं चोरीला गेलं होतं, पंधरा दिवसांच्या गोळ्यांसकट.

मग तिकडच्या मितानिनला फोन. छत्तीसगडमध्ये आपल्यासारखंच काम करणाऱ्या बाया असतात, त्यांना मितानिन म्हणतात. आपल्या आशांच्याही आधी, २००२ पासून त्यांचं काम सुरू आहे. रुग्णाच्या भावाला सांगायचं, तुझ्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, मितानिनकडे फोन दे. मी मोडकं हिंदी बोलते, ती छत्तीसगडी. पहिल्यांदा मी नाव सांगितलं तशी पलीकडून आवाज आला, "हव दीदी, मोर पारा के हे." माझ्या पाऱ्यातला आहे म्हणाली. वर विचारलं, दोन महिन्यांची बेडका तपासणी झाली का, वजन किती. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की चहा गार झाला तरी कळलं नाही. सरकारी ट्रान्सफर झाली तरी हा फोन कराच. कॉम्प्युटरवर नाव पोचतं आणि माणूस गावाबाहेर सासुरवाडीला उतरलेला असतो, हे मितानिनलाच ठाऊक असतं.

तांड्याचं उलटं

इथे आपण मितानिनच्या जागी असतो. माणूस आपला, हंगाम सांगली-कोल्हापूरकडे. म्हणून तपासणी दसऱ्याच्या आधी, उचल घेऊन टोळी ठरते त्या दिवसांत. तांड्यात नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, विचारून बैठक लावा. म्हाताऱ्या याडींना, म्हणजे आयांना, पुढे बसवा, त्या बसल्या की सुनाही येतात.

उपचार चालू असलेला ऊसतोडीला निघाला तर 'जाऊ नको' म्हणणं सोपं, पण उचल घरात खर्च झालेली असते. मी दोन महिने पूर्ण होईपर्यंत तरी थांबायला लावते. ते न जमल्यास कारखान्याचं नाव लिहून घ्या, गावाचं नाही. टोळी फडाफडाने सरकते, आठवड्याला गाव बदलतं, कारखाना मात्र हंगामभर तोच राहतो. त्या कारखान्याजवळच्या केंद्रातून गोळ्या मिळतील अशी सोय टीबी युनिटकडून लावून घ्या. कोयता पहाटे चारला उचलायचा असतो, म्हणून गोळ्यांची वेळ त्याच्या आधीची ठरवा, कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, निघतानाची. लेकरं आजीजवळ ठेवून गेलेली असतील तर त्यांचं प्रतिबंधक औषध आजीच्या हातात. आजी विसरत नाहीत. विसरतात बाप.

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेपर्यंत पुष्कळशा जोड्या परतलेल्या असतात. परत आल्या आल्या पुन्हा वजन आणि पुन्हा सगळी विचारपूस.

गोंदियाकडच्या एका आशाताईने ट्रेनिंगच्या जेवणात सांगितलेलं इथे आठवतं. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. हिवाळा आला की तिथली पुष्कळ माणसं शहरांत स्वेटर विकायला जातात. देश सोडून आलेली माणसं वेगळी आणि आमचे ऊसतोडीवाले वेगळे, पण तिचं दुखणं तेच: नोव्हेंबरला दार लावलेलं आणि गोळ्या संपायच्या बाकी. तिने सांगितलेला उपाय मी उचलला. ती दिवाळीआधी प्रत्येकाला विचारते, यंदा दुकान कुठल्या शहरात.

पैसे आणि ताट

निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात. २०१८ ला सुरू झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. ३०००-३००० असे दोन हप्त्यांत खात्यावर येतात. अडतं ते खात्यावर: पासबुक गावी, खातं बंद, नावात काना-मात्रेचा फरक. स्वतःचं खातं नसेल तर घरच्या माणसाचं चालतं, संमतीने. निदानाच्या दिवशीच पासबुकचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. रेशन कार्ड गावचं असलं तरी वन नेशन वन रेशनमुळे इथल्या दुकानातून धान्य उचलता येतं. दुकानदार कुरकुर करतो, आपण सोबत गेलं की करत नाही.

खाण्याबद्दल एकच सांगते. ही माणसं सकाळी रात्रीच्या भातात पाणी घालून बासी खातात, सोबत कांदा. त्याला नाक मुरडू नका, ते त्यांचं पोटभरीचं अन्न आहे. त्याच्यासोबत मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, जमलं तर एक अंडं, घरात असेल तर जवसाची चटणी, इतकं म्हणा. सफरचंदाचं नाव काढू नका. एका पथेऱ्याचं वजन गोळ्या सुरू करताना ४३ किलो होतं, निघताना ४९. वजन वाढलं की गोळ्यांची संख्याही बदलू शकते, म्हणून काटा दर महिन्याला.

माझ्या पिशवीत काय असतं ते विचारतात बऱ्याच जणी. काटा, डब्या, मास्क, चिकटपट्टी, पाण्याची बाटली चुळांसाठी, लाल पेन दोन. एक कोणीतरी नेतंच.

गोळ्या संपल्या, शेवटचा बेडका निगेटिव्ह आला, तरी पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी विचारायचं असतं: सहा, बारा, अठरा, चोवीस. या चार तारखा मी रजिस्टरात न लिहिता मोबाइलच्या कॅलेंडरात टाकते, कारण तोवर रजिस्टर दोनदा बदललेलं असतं. फोन संध्याकाळी सातनंतर करा, तेव्हा मोबाइल चार्जिंगहून परत आलेला असतो.